विकू नये, बदल्यात देऊ नये

किन्हवलीच्या आमच्या घरात एक जुनी गोधडी आहे. तिच्या खालच्या बाजूला, एका कोपऱ्यात, जाड सुती कापडाचा हातभर तुकडा शिवलेला आहे. कापड पिवळट पडलं आहे. त्यावर ढालीच्या आकाराचं पुसट चित्र दिसतं. वर तारे, खाली उभे पट्टे आणि मधे एकमेकांना धरलेले दोन हात. चित्राखाली इंग्रजी अक्षरं आहेत. बरीच धुऊन गेली आहेत, पण उरली आहेत त्यांवरून अर्थ लागतो. हा माल अमेरिकेच्या जनतेने दिला आहे, तो विकू नये, बदल्यात देऊ नये.

या गोधडीत मी दहावीपर्यंत झोपलो. आजीला विचारलं की ती सांगायची, "मिलोच्या पोत्याची हाय ती. दुष्काळातली." एवढं बोलून विषय बदलायची. आमच्या घरात लाल मिलो, रेशनचा गहू, शाळेतला दलिया, दुधाची पावडर या सगळ्यांना मिळून 'अमेरिकेचं धान्य' असं एकच नाव होतं. ते नाव घेताना आजीचा आवाज जरा खाली यायचा. आपण कुणाच्या तरी उष्ट्यावर दिवस काढले, असा तो आवाज असायचा.

मी ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आमचा क्लायंट अमेरिकेतला आहे, त्यामुळे माझी संध्याकाळ त्यांच्या सकाळीवर ठरते. २०२५ च्या जुलैत अमेरिकेने परदेशी मदत देणारी आपली संस्था, यूएसएड, बंद केल्याच्या बातम्या आल्या. बातमीसोबत संस्थेचं चिन्ह होतं. ते मी ओळखलं. ते दोन हात मी दहावीपर्यंत अंगावर घेतले होते. त्या शनिवारी आसनगावला उतरून घरी गेलो, गोधडी काढली, फोटो घेतले आणि शोधायला लागलो. शोध संपला तेव्हा आजीची गोष्ट दोन ठिकाणी चुकलेली निघाली. त्या चुका मला महत्त्वाच्या वाटतात, म्हणून हा लेख.

मिलोचं पोतं नव्हे

पहिली चूक कापडाची. अमेरिकेतून येणारा गहू जहाजांतून सुटा यायचा. मुंबई बंदरात तो उतरवून तागाच्या गोणींत भरला जायचा आणि तिथून रेशन दुकानांकडे निघायचा. त्या गोणींवर दोन हातांचं चित्र असण्याचं कारण नव्हतं. सुती पिशव्या यायच्या त्या दलिया, पीठ अशा तयार मालाच्या, आणि 'विकू नये' हा इशारा असायचा तो देणगीच्या मालावर, म्हणजे शाळा आणि बालवाड्यांत वाटायच्या जिनसांवर. आमच्या गोधडीतला तुकडा मिलोचा नाही. तो शाळेच्या खाऊच्या पिशवीचा आहे.

दुसरी चूक मिलोची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने जो लाल मिलो खाल्ला, तो मदतीचा होता असं आपण सगळेच धरून चालतो. पण १९७१ च्या बांगलादेश युद्धात भारत आणि अमेरिका समोरासमोर आले आणि सवलतीच्या धान्याचा व्यवहार थांबला. त्यामुळे ७२-७३ साली पाऊस गेला तेव्हा सरकारने परदेशी बाजारात पैसे मोजून धान्य विकत घेतलं. मिलो ही अमेरिकी ज्वारीच. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, म्हणून 'गुरांचं खाणं' ही आपल्याकडची तक्रार खोटी नव्हती. पण ती भीक नव्हती, खरेदी होती.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे ७२ साली मराठवाड्यासारखी जमीन भेगाळली नव्हती. हा भाताचा आणि नाचणी-वरीचा मुलूख, पाऊस धो धो. दुष्काळ इथे उन्हाळ्यात येतो, आणि तो पाण्याचा. तानसा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्याच तालुक्यात आहेत आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर फिरतो. पण रेशन सगळ्यांचं एक. त्यामुळे दुष्काळ मराठवाड्यात पडला तरी मिलो किन्हवलीतही शिजला.

म्हणजे आजीच्या 'अमेरिकेच्या धान्या'त तीन वेगळ्या गोष्टी होत्या. सवलतीने विकलेला गहू, फुकट दिलेला दलिया आणि रोखीने घेतलेला मिलो. यांतली पहिली सर्वांत मोठी आणि सर्वांत गुंतागुंतीची. तिचा उगम आपल्याकडच्या भुकेत शोधला तर अर्धीच गोष्ट हाती लागते. उरलेली अर्धी अमेरिकेच्या शेतात आहे.

दोन युद्धं आणि गव्हाचे ढीग

पहिल्या महायुद्धात युरोपातली शेती मोडली तेव्हा अमेरिकी शेतकऱ्याला सरकारने सांगितलं, गहू पेरा. त्याने कर्ज काढून जमीन घेतली, माळरानं नांगरली. युद्ध संपलं, युरोप पुन्हा पिकवू लागला आणि गव्हाचा भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यावर आला. शहरांत विसाव्या शतकातली चैन सुरू होत होती तेव्हा गावं कर्जात बुडत होती. अमेरिका जगाच्या भानगडींतून अंग काढून घरी परतली होती. राष्ट्रसंघाची कल्पना तिच्याच अध्यक्षाची, विल्सन यांची, पण ती स्वतः त्यात गेली नाही.

दुसऱ्या युद्धाच्या वेळी ही आठवण ताजी होती. म्हणून शेतकऱ्याला 'पिकवा' सांगताना संसदेने सोबत हमी दिली की युद्ध संपल्यावरही दोन वर्षं भाव ठरावीक पातळीखाली जाऊ देणार नाही. ती मुदत संपताना हमी काढून घ्यायची हिंमत कुणाला झाली नाही. शेतकऱ्याचं मत निवडणुकीत भारी होतं. त्याच वेळी शेतात ट्रॅक्टर आले आणि स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे कारखाने शेताच्या खताकडे वळले. १९४० साली अमेरिकेत शेतावर राहणारे लोक तीन कोटींच्या वर होते, १९६० साली ते साधारण निम्मे उरले. माणसं कमी झाली, पीक मात्र वाढत गेलं. दक्षिणेतल्या काळ्या कुळांना यंत्राने कापसाच्या शेतातून बाहेर काढलं आणि ती शिकागो, डेट्रॉइटकडे निघाली. आज आपण ज्याला अमेरिकी शहर म्हणतो, त्याची घडण बरीचशी या उलथापालथीत झाली.

ठरलेल्या भावाला सरकार धान्य घेत राहिलं. सुरुवातीला ते खपलं, कारण युरोप उपाशी होता. १९४८ ते ५२ या काळात मार्शल योजनेखाली सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत युरोपात गेली, त्यात धान्यही होतं. पहिल्या युद्धानंतर घरी परतलेली अमेरिका या वेळी परतली नाही. रशिया समोर उभा होता, आणि उपाशी माणूस साम्यवादी होतो अशी वॉशिंग्टनची पक्की समजूत होती. ढालीचं ते चिन्ह याच योजनेच्या मालावर सुरू झालं. दोन हात त्यात पुढे, १९५३ च्या सुमारास आले. आपल्या बालवाड्यांत पुढे माहीत झालेली 'केअर' ही संस्थाही १९४५ साली युरोपसाठीच जन्मली. तिच्या पहिल्या खोक्यांत जपानवरच्या स्वारीसाठी तयार करून ठेवलेला सैनिकांचा शिधा होता. स्वारी झाली नाही, शिधा उरला, तो फ्रान्सला गेला.

मग युरोप सावरला आणि गिऱ्हाईक गेलं. सरकारी कोठारं भरली. जागा पुरेना, तेव्हा युद्धात माल वाहिलेली आणि आता नांगरून ठेवलेली जहाजं हडसन नदीत उभी होती, त्यांच्या पोटात गहू भरून ठेवला गेला. हे वाचून मी थांबलो. विजेता देश, आणि त्याच्या लढाईतल्या जहाजांत न खपलेला गहू.

१० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो या गव्हाला वाट काढून देण्याचा कायदा होता. त्याचा क्रमांक ४८०. आपल्याकडे ज्याला पीएल-४८० म्हणतात, तो हाच. जास्तीचं धान्य मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायचं, काही भाग फुकट वाटायचा. त्याच साली असाही नियम झाला की यातला निदान निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच गेला पाहिजे. म्हणजे शेतकरी, जहाजवाले आणि परराष्ट्र खातं, तिघांचीही सोय. यात भुकेल्यांविषयी कळवळा नव्हता असं मी म्हणत नाही. पण नुसत्या कळवळ्याने कोठारं रिकामी झाली नसती.

स. का. पाटलांची सही

भारताला अमेरिकी गहू त्याआधीही आला होता. १९५१ साली ट्रुमन सरकारने १९ कोटी डॉलरचं कर्ज देऊन २० लाख टन धान्याची सोय केली. त्यासाठी त्यांच्या संसदेत महिनोन्महिने वाद झाला, कारण नेहरूंची अलिप्तता अनेकांना खुपत होती. कायदा ४८० खाली पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला.

सर्वांत मोठा करार झाला ४ मे १९६० रोजी. वॉशिंग्टनला सही करायला एका बाजूला स्वतः आयसेनहॉवर होते आणि दुसऱ्या बाजूला भारताचे अन्नमंत्री सदाशिव कानोजी पाटील. आपले स. का. पाटील, कोकणातले, तीनदा मुंबईचे महापौर झालेले. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. तारीख पुन्हा बघा. तीनच दिवस आधी, १ मेला, महाराष्ट्र राज्य जन्माला आलं होतं. संयुक्त महाराष्ट्राला ज्यांनी कडाडून विरोध केला, ते पाटील त्या आठवड्यात नव्या राज्याच्या पुढच्या काही वर्षांच्या पोळ्यांची व्यवस्था करत होते.

पोळ्यांची म्हणतो ते मुद्दाम. आमच्या घरात आजी सासरी आली तेव्हा भात आणि नाचणीची भाकरी हेच खाणं होतं. गहू सणाला, पुरणपोळीपुरता. रेशनवर गहू यायला लागला तेव्हा तो करायचा कसा हेच बायकांना कळेना. आजी त्याच्याही भाकरी थापायची. 'चपाती लाटायला मी मुंबईहून आलेल्या नणंदेकडून शिकले,' असं ती सांगते.

या गव्हाचे पैसे भारत रुपयांत द्यायचा आणि ते रुपये भारतातच, अमेरिकेच्या खात्यावर पडून राहायचे. परकी चलन खर्च होत नव्हतं, म्हणून दिल्लीला व्यवहार सोयीचा वाटला. वाचलेल्या डॉलरांतून यंत्रं आणि पोलाद घेता आलं. पण स्वस्त गव्हाचा साठा हाताशी असल्यावर शेतीकडे बघायची घाई उरली नाही. या मदतीने घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पडतो, असा इशारा थिओडोर शुल्त्झ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानेच १९६० साली दिला होता. अर्थशास्त्रात तो वाद पुढे बराच काळ चालला.

लोकांनी आपला हिशेब वेगळा मांडला. आमच्या बांधावरही उगवणारं गाजर गवत याच गव्हातून आलं असं सगळे सांगतात, म्हणून त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास नजरेत आलं, म्हणजे कायदा ४८० चा पहिला करार होण्याच्याही आधी. या कायद्याच्या माथी ते मारणं तारखेत बसत नाही. पण ज्याने अंगाला खाज सुटते आणि जे उपटून संपत नाही, त्याचा संबंध लोकांनी त्या गव्हाशीच जोडला, हेही एक प्रकारचं मत आहे.

जहाज कधी सुटणार

१९६५ आणि ६६, लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्री जेवण सोडायला सांगितलं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या.

तिकडे अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद केले. धान्य थोडं थोडं, महिन्याच्या हिशेबाने सोडायचं आणि कधी सोडायचं ते स्वतः ठरवायचं, असं धोरण ठेवलं. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं ही त्यांची अट होती. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६५ च्या नोव्हेंबरात रोम इथे अमेरिकी कृषिमंत्र्यांसोबत तसा समझोताही केला. पण व्हिएतनामच्या युद्धावर दिल्लीतून टीका झाली की जॉन्सन चिडत, आणि जहाजं रेंगाळत. १९६६ साली भारताने एक कोटी टनांहून जास्त धान्य बाहेरून आणलं. त्यासाठी अमेरिकेच्या गव्हाच्या पिकातला साधारण पाचवा हिस्सा इकडे आला. एवढं देऊनही देणाऱ्याविषयी राग उरला, कारण पुढचं जहाज निघालं की नाही हे विचारत बसायची वेळ एका स्वतंत्र देशावर आली होती.

त्यातून जी घाई आली तिचं नाव हरितक्रांती. १९६६ साली १८ हजार टन बुटक्या मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणलं गेलं. केंद्रीय कृषी खात्यात त्या काळात आपले अण्णासाहेब शिंदे होते, आणि नव्या बियाण्याच्या बाजूने ते ठाम उभे राहिले. या बियाण्याच्या बुटकेपणाची कुळकथाही युद्धातलीच आहे. जपान शरण गेल्यावर तिथे अमेरिकी लष्कराचा अंमल होता. त्या लष्करासोबत शेतीचा सल्लागार म्हणून गेलेल्या सेसिल सॅमन यांनी १९४६ साली 'नोरिन १०' हा बुटका जपानी गहू पाहिला आणि त्याचं बी मायदेशी पाठवलं. तिथून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे आणि त्यांच्या वाणांतून आपल्याकडे पोचलं. आपल्याला अमेरिकी गव्हापासून सोडवणारा गहूही त्याच युद्धाच्या मागून आला.

गव्हाच्या बदल्यात पुस्तकं

भारतातल्या त्या अमेरिकी खात्यात रुपये साचत गेले. इतके की ते सगळे काढले असते तर इथला बाजार हलला असता. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. तोवरचा जगातला तो सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश होता.

पण त्याआधी त्या रुपयांचा एक उपयोग झाला होता, तो या लेखाच्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय उघडून याच पैशातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली. एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती, अमेरिकेतल्या निरनिराळ्या विद्यापीठांसाठी. त्यात मराठी कादंबऱ्या होत्या, कवितासंग्रह होते, मासिकं होती. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर घाबरलेल्या अमेरिकेने पुढच्याच वर्षी जो शिक्षण कायदा केला, त्यात परक्या भाषा शिकवायला पैसा होता. अशा रीतीने शिकागो, पेनसिल्वेनियाच्या विद्यापीठांत मराठी आली. आंबेडकरी चळवळीवर एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली प्रबंध पुरा केला तो पेनसिल्वेनियात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी कोश आज मी फोनवर उघडतो, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. 'पायली' आणि 'शेर' यांचा हिशेब या लेखासाठी मी तिथेच पाहिला. किन्हवलीतल्या वाण्याच्या दुकानात मोजलेल्या गव्हाचे रुपये फिरत फिरत मराठी पुस्तकं होऊन तिकडे गेले. 'बदल्यात देऊ नये' हे पिशवीवर छापलं होतं खरं, पण बदल्यात पुष्कळ काही गेलं.

यात मी कुणाला लबाड म्हणत नाही. आपल्याला गहू हवा होता, त्यांना कोठारं रिकामी करायची होती. आज माझं काम असंच आहे. त्यांना स्वस्तात प्रोग्रामर हवा आहे, मला पगार. कुणी कुणावर उपकार करत नाही. मात्र करार कुणाच्या मनावर संपतो हे मला रोज आठवत असतं. गेल्या वर्षी भारतीय मालावर अमेरिकेने ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्या भांडणातही त्यांचा मका आणि सोयाबीन आपण घ्यावं ही मागणी होतीच. कोठारं पुन्हा भरली आहेत, एवढं मला आता त्यातून कळतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीला सगळं सांगितलं. आधी कापडाचं. ही मिलोची नाही, शाळेतल्या दलियाच्या पिशवीची आहे. ती जरा वेळ तुकड्यावर हात फिरवत बसली. मग तिला आठवलं. बाबा शाळेत होते तेव्हा ती शाळेत दलिया शिजवायला जायची. वर्षभर चूल पेटवली, पैसे कुणी दिले नाहीत. शेवटी मास्तरांनी रिकाम्या पिशव्यांतली एक धुऊन दिली. ती तिची मजुरी. अक्षरांचा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाली, "बदल्यात देऊ नको लिवलंय? मग मला कशात दिलीन?"

मग मिलोचं सांगितलं. तो मदतीचा नव्हता, सरकारने पैसे मोजून आणला होता. हे तिला पटायला वेळ लागला. दोनदा विचारलं.

"म्हंजे पैसं दिलं व्हतं?"

"हो आजी. रोख."

"मंग निवडून का न्हाय दिला?" आजीचा आवाज चढला. "निम्मं खडं व्हतं त्यात. मी रातरात निवडीत बसायची."

त्यानंतर दिवाळीभर आमच्याकडे जो येईल त्याला ती हे सांगत होती. पैसं दिलं व्हतं, आनि माल असा.